पान दोनशे बारा

रविवारी रात्री नऊला मी कॉफीचं यंत्र बंद करतो.
त्याची फुसफुस संवादांच्या आड येते,
अशी पहिल्याच भागाला तक्रार होती.
टीव्ही यंत्राच्या वर, लॉटरीच्या तिकिटांशेजारी,
आणि खाली आमचं अर्धं गाव,
माना वर करून, घरट्यातल्या पिल्लांसारखं.

कादंबरी आमच्याच खाडीवरची. शंभर वर्षं झाली तिला.
शाळेत सगळ्यांनी वाचलेली,
म्हणजे देओलिंडाबाईंनी वाचून दाखवलेली.
स्वतः किती जणांनी उघडली
हे अबिलियोचा वस्तरा गळ्यावर असतानाही
कुणी कबूल करणार नाही.

तर बेनेदिता पडद्यावर आली आणि
ग्रासियेत म्हणाली, मिठागरात राबणारीचे दात इतके पांढरे?
(तारलीची रिकामी टोपली तिच्या पायाशी, वास सगळ्यांना.)
सेराफिम म्हणाला, दंताळं उलटं धरलंय पोरीनं.
वय ब्याऐंशी, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही,
बोटं दांड्याभोवती वळून तशीच राहिलेली.
पुढच्या रविवारीही उलटंच.
तिसऱ्या रविवारी त्यानं माझा झाडू उचलला
आणि टीव्हीसमोर उभा राहून तिला दाखवू लागला:
असं. कंबरेतून. पाण्याला कळू न देता.
बाजूला हो, असं कुणी म्हणालं नाही.

सहाव्या भागात तो प्रसंग आला.
तो निघालेला कॉडच्या जहाजावर, ती दारात.
सगळ्या कॅफेचे ओठ आधीच हलायला लागले,
कारण ते वाक्य आमच्याकडे
लग्नात म्हणतात, भांडणात म्हणतात,
अबिलियोच्या आरशावर निळ्या रंगात लिहिलंय:
‘जा. वाट मीठ पाहतं, मी नाही.’

तिनं नुसतं दार लावलं.
कडीचा आवाज, आणि खालून नावं वर सरकू लागली.

मग काय विचारता.
वाक्य गिळलं! खाल्ल्या मिठाला जागले नाहीत!
खाल्लंच कुठे, ग्रासियेत म्हणाली, थर्मोकोलचं होतं.
सेराफिम तेवढा म्हणाला, दार बरोबर लावलं तिनं,
पण त्याचं कोण ऐकतंय.
देओलिंडाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही गप्प झालो,
अजून होतो.
उद्या वाहिनीला पत्र लिहिते, म्हणाल्या. पान नंबरासकट.

सोमवारी सकाळी शटर अर्धंच वर होतं.
बाई वाकून आत आल्या, पिशवीत तीन प्रती,
एक चर्चच्या ग्रंथालयातून मागून आणलेली.
तुझे डोळे चांगले आहेत, म्हणाल्या. वाच.

पान दोनशे बारा.
‘बेनेदिताने दार लावले.’
मग नवा परिच्छेद, वाऱ्याबद्दल.
मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.
तिन्ही प्रतींत दार. तिन्हींत पूर्णविराम.

एकतीस वर्षं, त्या म्हणाल्या,
हातात पुस्तक धरून वाचलंय मी ते. पुस्तकात बघून.
त्यांचं नख त्या टिंबाशेजारच्या कोऱ्या जागेवर फिरत होतं,
खडूनं लिहिलेलं कुणी पुसलं असावं तसं.
मग माझ्याकडे नाही, यंत्राकडे बघत:
सत्तर साली तो फ्रान्सला निघाला ना,
मी पण दारच लावलं होतं.

कोण, ते मी विचारलं नाही.
साखरेच्या पुड्या मोजत बसलो, त्या मोजलेल्याच होत्या.

तेवढ्यात अबिलियो आला, शटरखालून, दुकानाची किल्ली वाजवत.
पत्र टाकलं का, बाई?
आणि हो, आरशावरचं फिकं पडलंय,
या आठवड्यात नवा रंग देतो.
स्वल्पविराम नक्की कुठे येतो त्यात?

मी मिठाची गुळणी धरून कप विसळत राहिलो.

‘पाहतं’नंतर, बाई म्हणाल्या,
आणि पुस्तक मिटलं.